पहिल्या पंगतीचा जावई

सुकुमारनला शिवरे गावानं काय दिलं नाही? बायको दिली, धंद्याला जागा दिली, रेशनकार्ड दिलं, मतदानाचा हक्क दिला आणि मतदानाच्या दिवशी दारात जीपही उभी केली. बावीस वर्षांत एकच गोष्ट दिली नाही. सप्ताहाच्या पंगतीत वाढायला बादली.

हा सुकुमारन म्हणजे हायवेच्या सर्व्हिस रोडवरचा पंक्चरवाला. खांबाला टांगलेल्या जुन्या टायरवर पांढऱ्या रंगात 'पंक्चर' लिहिलंय. त्याखाली पाण्याचं पिंप, कॉम्प्रेसर, आणि लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला बावन्न वर्षांचा, मिशी कोरलेला गडी. मूळचा केरळातल्या पालक्काडकडचा. चुलत्याच्या हाताखाली साताऱ्याकडं काम शिकला आणि रस्ता चौपदरी होत होता तेव्हा शिवऱ्यात येऊन बसला. पुढं रस्ता आणखी रुंद झाला, दुकान तीनदा मागं सरकलं, पण गडी गावातून हलला नाही. सुरुवातीला गाव त्याला मद्राशी म्हणायचं. मद्रास निराळं, केरळ निराळं, हे त्यानं पाच वर्षं नकाशा काढकाढून सांगितलं. सहाव्या वर्षी त्यानं नकाशा काढणं सोडलं.

त्याच्या लग्नाची हकीकत मात्र गाव अजून चवीनं सांगतं. गावातल्या हैबतींची थोरली लेक सुप्रिया शिवणक्लासला नसरापूरला जायची, आणि एसटी चुकली की सायकल काढायची. बघता बघता एसटी रोजच चुकायला लागली आणि सायकल आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायला लागली. एका साध्या रस्त्यावर इतके खिळे कुठून येतात याचा तपास गावानं लावायच्या आत दोघांनी रजिस्टर लग्न केलं. हैबती दीड वर्ष बोलले नाहीत. गाव मात्र भरपूर बोललं. जे बोलायला नको तेही बोललं. मग नात झाली, शेफाली तिचं नाव. आज ती पुण्यात नर्सिंगला आहे. तिला बघितल्यावर हैबती विरघळले आणि आपण फार बोलून बसलो, असं गावालाही वाटायला लागलं.

आता बोललेलं परत घ्यायचं कसं? माफी मागायची शिवऱ्याला सवय नाही. गावानं त्याऐवजी मान द्यायला सुरुवात केली. गावची पोर ज्याला दिली तो साऱ्या गावाचा जावई, आणि जावई म्हणजे पाहुणा. सासुरवाडीत कायमचा राहणाऱ्या जावयाला लोक एक वेगळा शब्द वापरतात, तो कुणाच्या तोंडून निघायला नको म्हणून गावानं असं धरून चालायचं ठरवलं, की हा पाहुणा काल आलाय आणि उद्या जाणार आहे. ते उद्या बावीस वर्षांत उजाडलं नाही ही गोष्ट निराळी.

पोरंटोरं त्याला दाजी म्हणायची, म्हातारी माणसं पाव्हणं. देवळात सगळे सतरंजीवर बसले की त्याच्यासाठी शाळेतून खुर्ची यायची. सगळ्यांना चहा ग्लासात, त्याला कपबशीत. कुणाच्या गोठ्यावर पत्रे चढवायचे असले आणि हा हात लावायला गेला, की दोन जण धावत येऊन म्हणायचे, राहू द्या दाजी, तुम्ही बसा. त्याच्याशी कुणी भांडत नसे. गावात बांधावरून, पाण्यावरून, कुत्र्यावरून रोज भांडणं, आणि ह्याच्या वाट्याला एक नाही. एकदा त्यानं मुद्दाम कचरा शेजाऱ्याच्या दारापुढं लोटला. शेजाऱ्यानं हसत हसत स्वतः झाडून काढला आणि वर चहाला बोलावलं. सुकुमारन आठवडाभर उदास होता.

दोन वर्षांतून एकदा तो पालक्काडला जायचा. तिथं जिवाला बरं वाटावं, तर तिथंही तेच. भाऊ म्हणायचा, महाराष्ट्रातून आलायस, दमला असशील, बस. वहिनी केळीचं पान आधी त्याच्यापुढं मांडायची. घरच्या गड्यांसारखं मागच्या अंगणात उकिडवं बसून जेवावं, तर त्याला कुणी तिकडं फिरकू देत नसे. तिथून निघाला की तो गाडीत खिडकीशी बसून तास तास बाहेर बघत राहायचा. सुप्रियाला वाटायचं, आईची आठवण येत असेल.

आता पंगतीचं सांगायला हवं. चैत्रात गावचा सप्ताह असतो. सात दिवस भजन-कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की अडीच हजार माणसांचं जेवण. लापशी, भात, आमटी. पहिली पंगत बाहेरगावच्या पाहुण्यांची, कीर्तनकार महाराजांची आणि गावच्या लेकी-जावयांची. मग आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या, मग गावातली बायका-पोरं. वाढायचं काम भावकीतल्या पुरुषांचं, आणि ज्यांनी वाढलं त्यांनी सर्वांत शेवटी बसायचं. तोवर चार वाजलेले असतात. लापशी संपलेली, भात तळाला लागलेला, आमटी गरम पाणी घालून वाढवलेली. पण सगळ्यात मोठा हशा त्याच पंगतीत असतो. वर्षभराच्या चहाड्या, टोमणे, कुणाची कुठं फजिती झाली, सगळं तिथं निघतं. सुकुमारन पहिल्या पंगतीला पोटभर जेवून ओट्यावर लवंडलेला असायचा आणि तो हशा त्याला घरापर्यंत ऐकू यायचा. कशावर हसतायत एवढंच कळायचं नाही.

मागच्या वर्षी त्यानं एक आगळीक केली. पहिल्या पंगतीत वाढपी कमी पडले. महाराजांच्या पानावर भात आला, आमटी येईना. सुकुमारनला राहवेना. तो आपल्या वाढलेल्या पानावरून उठला आणि आमटीची बादली आणायला पातेल्याकडं निघाला. झालं! जावई भरल्या पानावरून उठला, म्हणजे रुसला. दुसरं काही असू शकतं हे शिवऱ्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. एकानं कमरेला मिठी घातली, दुसऱ्यानं पाय धरले. काय चुकलं, कुणी बोललं का, पानात काय कमी पडलं? त्याचा मेहुणा रोहिदास, सुप्रियाचा धाकटा भाऊ, रडायच्या बेतात आला. सुकुमारन घसा फोडून सांगत होता, की मी बादली आणायला चाललोय, पण रुसलेला माणूस काहीही बोलतो म्हणून कुणी ऐकलं नाही. अर्ध्या तासात टॉवेल, टोपी आणि नारळ आला. त्याला महाराजांच्या शेजारी पाटावर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत टोपी घातली. त्या फोटोत तो असा बसलाय, की जणू कुणी त्याला अटक केलीय.

ह्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी देवळात बैठक भरली. पंगतीचा कारभार तीस वर्षं चिमाजीनानांकडं आहे. वय चौऱ्याहत्तर, हातात काठी, आणि ती काठी जिकडं वळेल तिकडं वाढपी पळणार असा दरारा. नाना म्हणाले, चाळीस वाढपी लागतात आणि नावं निघाली एकोणीस. पोरं कंपन्यांत, कुणी हिंजवडीला, कुणाची शिफ्ट, कुणाच्या मुलाची परीक्षा. तेव्हा भोरच्या केटररला सांगून टाकू. त्याची पोरं येतात, हातात मोजे, डोक्याला जाळी, तासात मोकळं करतात. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. नाना बोलले खरे, पण बोलताना ते काठीच्या टोकानं सतरंजीचा धागा उसवत होते.

खुर्चीवर बसलेला सुकुमारन पुढं सरकला. एकदा मोजेवाले आले की संपलं. मग शेवटची पंगतच राहणार नाही. ज्या दारात आपण बावीस वर्षं उभे आहोत ते दार लोक आता विटांनी बुजवणार. तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "नाना, मला बादली द्या."

सगळे मायेनं हसले. ते मायेनं हसणंच त्याच्या मुळावर आलेलं होतं.

"पाव्हणं, तुमी बसायचं," नाना म्हणाले. "बसायलाबी कुनी लागतं की."

"बावीस वरसं बसलोय, नाना. तिकडं गेलो की तिकडं बसवत्यात, हितं आलो की हितं बसवत्यात. मग म्या उभं कुठं ऱ्हायाचं?"

अडचणीत सापडले की नाना नियम सांगतात. ते म्हणाले, आपल्याकडं कुणी एकदम बादली धरत नाही. आधी मीठ, मग पाणी, मग पत्रावळ्या, मग भात, आणि हात बसला की आमटी. मी मिठापासून सुरुवात केली, सरपंचांनी केली. तेव्हा वाढायचंच असेल तर मीठ वाढावं लागेल, दहा-दहा वर्षांच्या पोरांबरोबर. नानांचा अंदाज असा, की बावन्न वर्षांचा जावई हे ऐकून लाजेल आणि खाली बसेल.

सुकुमारन म्हणाला, "मग मीठ द्या."

त्याला लाज कसली? पालक्काडला देवळाच्या जेवणात तोही लहानपणी मीठच वाढायचा. सांबाराची बादली हातात यायच्या आत तो घर सोडून निघाला होता. पण हे त्यानं तिथं सांगितलं नाही. सांगायला वेळही मिळाला नाही, कारण रोहिदास रागारागानं उठून चपला शोधायला लागला होता.

रोहिदास दुसऱ्या दिवशी दुकानावर आला आणि उलट्या टायरवर बसला. तो वरव्याच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, शब्द मोजून बोलतो. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सप्ताहाला वरव्याचे, भोंगवलीचे पाहुणे येतात. हैबतीच्या जावयाच्या हातात मिठाचं ताट बघितलं तर ते काय म्हणतील? बाप गेला आणि पोरानं जावई कामाला लावला. बहिणीच्या सासरच्या माणसांना तोंड कसं दाखवायचं, असंही तो म्हणाला. बहिणीचं सासर बाराशे किलोमीटरवर आहे आणि तिथल्या कुणाला ह्यातलं अक्षर कळणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुमी मीठ धरनार आसाल, दाजी, तर म्या देवळात येत न्हाई," असं म्हणून तो उठला.

सुकुमारन ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिला. त्याला रोहिदासचा राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. हैबती बोलत नव्हते त्या दीड वर्षात हा रोहिदासच अंधार पडल्यावर चोरून दुकानावर यायचा आणि सुप्रियाला आईनं दिलेली चटणी पोचवायचा. त्याला गावात मान खाली घालायला लावायची आणि आपण मीठ वाढत हिंडायचं, हे सुकुमारनला जमणारं नव्हतं. संध्याकाळी त्यानं सुप्रियाला सांगितलं, की नानांना नाही म्हणून कळवतो.

सुप्रियानं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. ती म्हणाली, आधीच सांगून ठेवते, तुम्ही वाढा नाहीतर नका वाढू, मी माहेरवाशीण आहे, मी काही पहिली पंगत सोडणार नाही. देवळापासून दोनशे पावलांवर राहून बावीस वर्षं बसून खायला मिळतंय, एवढं सुख कुणाला आहे? मग ती हात धुऊन, पदर खोचून आईकडं गेली.

तिची आई सोजराबाई ऐंशीच्या घरात, पण कान तीक्ष्ण. लेकीचं ऐकून तिनं रोहिदासला हाक मारली. पुढचं सगळं शेजारच्या तीन घरांनी ऐकलं, कारण म्हातारी स्वतःच्या पोराशी हळू बोलत नाही. तिनं विचारलं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या भोरवरून कोण आणतं? तुझी मोटारसायकल बंद पडली की ढकलत कुणाकडं नेतोस? तुझा बाप दवाखान्यात होता तेव्हा बाकड्यावर कोण झोपलं? रोहिदास म्हणाला, आई, ते सगळं खरं, पण शेवटी पाहुणे आहेत ते.

"पाव्हना म्हंजी जो जातो त्यो," म्हातारी म्हणाली. "ह्यो बावीस वरसं जायाचं नाव काढंना. मग पाव्हना कसला? तुज्या घरातली समदी वझी उचलतो, त्यात चिमूटभर मीठ तुला जड झालं व्हय?"

त्या रात्री रोहिदासनं नानांना फोन करून सांगितलं, की आमटीला माझं नाव राहू द्या. दाजींबद्दल चकार शब्द काढला नाही. नाना बेरकी. मेहुण्याची हरकत मिटली हे त्यांनी तेवढ्यावरून ओळखलं आणि सकाळपासून आपला फोनचा सपाटा सुरू केला. हिंजवडीला, कोथरूडला, जिथं जिथं शिवऱ्याचा पोरगा आहे तिथं एकच निरोप: केरळचा जावई मिठाचं ताट धरतोय, तुम्हाला रजा मिळत नाही का? एकोणिसाचे तेहतीस झाले. केटररला नको म्हणून कळवलं.

काल्याच्या दिवशी सुकुमारन पहाटेच अंघोळ करून देवळात हजर. पांढरी स्वच्छ लुंगी, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मीठ वाढणाऱ्या बारा पोरांच्या रांगेत तो मधोमध असा उभा होता, की कुणाला वाटावं पोरांची सहल आलीय आणि हे मास्तर आहेत. पहिली पंगत बसली. महाराज बसले, भोंगवलीचे पाहुणे बसले, गावचे बाकीचे जावई बसले. सुकुमारनच्या नेहमीच्या जागेवर वरव्याचा एक अनोळखी गृहस्थ मजेत मांडी घालून बसला होता. नानांची काठी वळली आणि वाढप सुरू झालं.

आणि लगेच खोळंबलं. कारण सुकुमारन मीठ ठेवून पुढं जाईल तर ना! प्रत्येक पानापाशी तो वाकून थांबायचा. ओळखीचा पाहुणा दचकून अर्धा उठायचा, "आवो दाजी, तुमी?" मग हा त्याला खाली बसवणार, मुलांची चौकशी करणार, गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी दिसतेय म्हणून सांगणार, आणि जाताना आणखी एक चिमूट ठेवणार. चिमूट कसली, मूठच. पाठीमागं लापशीवाला थांबला, भातवाला थांबला, आणि सगळ्यांच्या मागं रोहिदास, हातात कढत आमटीची वीस लिटरची बादली. सकाळपासून तो सुकुमारनकडं न बघता काम करत होता. मान खाली, कान लाल. भोंगवलीचे दोघं एकमेकांच्या कानात काहीतरी बोलले तेही त्यानं बघितलं होतं. बादलीच्या कडीनं बोटं कापायला लागली, वाफ तोंडावर यायला लागली, आणि सहाव्या की सातव्या पानाला त्याचा बांध फुटला.

"आरं, मीठ वाढतोयस का पेरतोयस? हल की म्होरं!"

जावयाला अरे! तेही मेहुण्यानं, तेही महाराजांसमोर. भोंगवलीच्या पाहुण्यानं तोंडाकडं नेलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. रोहिदासचा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना. आता हा ताट टाकून निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं.

सुकुमारन सावकाश वळला. ताट त्यानं छातीशी धरलं.

"मागनं ढुशी देऊ नगं," तो म्हणाला. "सांडली तर तुज्याच प्यान्टीवर सांडंल. म्या लुंगी वर घेतलीया."

आधी महाराज हसले. मग भोंगवलीचे हसले, मग सगळी पंगत. रोहिदासला हसू आवरेना म्हणून त्याला बादली खाली ठेवावी लागली. सुकुमारनच्या जागेवर बसलेला वरव्याचा गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होता, हे दोघं सख्खे भाऊ का? शेजारीही परगावचा, त्याला काय माहीत, तो म्हणाला असतील. नाना तेवढे हसले नाहीत. त्यांनी काठी आपटली.

"भांडायचं आसंल तर श्येवटच्या पंगतीला भांडा. आदी वाढा."

शेवटची पंगत बसली तेव्हा चार वाजून गेले होते. सुकुमारनला खुर्ची कुणी आणली नाही, पाट कुणी मांडला नाही. जागा कुठं असंही कुणी सांगितलं नाही. तो उन्हात तापलेल्या फरशीवर दोघांच्या मधे स्वतःला खुपसून बसला आणि पलीकडचा म्हणाला, सरक, गुडघा लागतोय. लापशी संपली होती. भात पातेल्याच्या बुडाचा, आमटीत तिसऱ्यांदा पाणी पडलेलं. पहिला घास घेतला आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की आमटी पाणचट आहे आणि मीठ नाही. ताटात नाही, पोत्यात नाही, कुठंच नाही. आधीच्या पंगतींतच एका माणसानं गावाचं मीठ मुठीमुठीनं उधळून टाकलं होतं.

मग काय विचारता! तेहतीस माणसांनी पाळीपाळीनं सुकुमारनचा उद्धार केला. हिंजवडीच्या पोरानं त्याच्या सात पिढ्या खारवून काढल्या. रोहिदास म्हणाला, आमच्या बहिणीचं घर कसं चालतं ते आज कळलं. कुणी म्हणालं, केटररच बरा होता. सुकुमारन मान खाली घालून अळणी भात खात होता आणि त्याचे खांदे हलत होते. शेजारच्याला वाटलं हा रडतोय, म्हणून त्यानं वाकून बघितलं. हसता हसता त्याला ठसका लागला होता.

जेवण झाल्यावर भांडी घासता घासता नानांनी पुढच्या वर्षीचा निकाल देऊन टाकला. सुकुमारनला बढती नाही. पुढच्या वर्षीही मीठच, आणि तेही मोजून दिलेल्या वाटीतून.

यावर त्यानं गुपचूप राहावं की नाही? बावीस वर्षं ज्या माणसानं शिवऱ्यात आवाज चढवला नाही, तो हातातलं राखेनं माखलेलं पातेलं आपटून नानांच्या अंगावर गेला. बावन्न वर्षांच्या माणसाला किमान पाणी तरी द्या, हा अन्याय आहे, असं म्हणाला. नाना म्हणाले, पाणी वाढायला अक्कल लागते. हा म्हणाला, मग तुम्हाला कसं दिलं? त्यावरून जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. नाना दुकानापुढून गेले की दोघं एकमेकांकडं बघत नाहीत, आणि नाना दिवसातून चार वेळा दुकानापुढून जातात. परवा पुण्याच्या एका गाडीवाल्याचं चाक काढता काढता सुकुमारननं त्याला ही सगळी कैफियत ऐकवली. शेवटी हातातली लोखंडी टॉमी हवेत उगारून म्हणाला, "आमच्या गावातली मानसं लई वंगाळ हाईत, सायेब."

साहेबांनी विचारलं, तुमचं गाव कुठलं? सुकुमारन त्यांच्याकडं बघतच राहिला. उभे आहात त्या गावातच उभं राहून हा कसला प्रश्न विचारता, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.